पिल्लू खेळेनासं झालं की

मांजराचं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं. घरात पहिल्यांदाच मांजर आलेलं असलं की ही झोप बघून माणसं घाबरतात. पुढे सवय होते, आणि सवय झाली की उलटंच घडतं. आजारी पिल्लूही झोपूनच असतं. ते कण्हत नाही, ओरडत नाही. कपाटाखाली किंवा सोफ्यामागे जाऊन अंगाचं मुटकुळं करून पडतं. घरचे म्हणतात, "झोपलंय, झोपू दे." संध्याकाळी ते उठत नाही, रात्री खात नाही, आणि सकाळी दवाखाना उघडेपर्यंत त्याचं अंग गार पडलेलं असतं. हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे, कारण बहुतेक वेळा काही करता येण्यासारखं असतं ते तेव्हाच.

पिल्लू किती तास झोपलं हे मोजून फारसं काही कळत नाही. जागं असताना ते कसं असतं, यावरून कळतं. निरोगी पिल्लाची झोप तुकड्यातुकड्यांची असते. स्वयंपाकघरात वाटी वाजली, पिशवी कुरकुरली की झोपेतही त्याचे कान वळतात. उठल्यावर ते पाठीची कमान करून अंग ताणतं, जरा चाटूनपुसून घेतं, खातं, लिटर ट्रेमध्ये जाऊन येतं आणि मग थोडा वेळ का होईना, घर डोक्यावर घेतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर हमखास. तुमचं पिल्लू स्वभावाने शांत असेल, तर त्याची धावाधाव कमी असेल, पण असेल जरूर. म्हणून तुलना शेजारच्या पिल्लाशी नको, त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी करा.

मलूल झालेलं पिल्लू उचललं की हातात लोंबतं. एरवी सुटायला धडपडणारं, आज मान टाकून तसंच राहतं. दोरी समोर हलवली तर नजर फिरते, पंजा उठत नाही. बसण्याची ढब बदलते: चारही पाय पोटाखाली ओढलेले, पाठीला पोक, मान खाली आणि डोळे अर्धवट मिटलेले. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला दिसतो. ती मांजराची तिसरी पापणी, ती जागेपणी दिसत राहिली तर तब्येत बरी नाही असं समजावं. अंग चाटणं थांबतं, त्यामुळे केस राठ आणि विस्कटलेले दिसायला लागतात. हे शेवटचं लक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते बाकीच्यांच्या आधी दिसतं आणि त्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

दोन समजुती मात्र मनातून काढून टाका. नाक ओलं म्हणजे बरं आणि कोरडं म्हणजे ताप, असं काही नसतं. झोपून उठलेल्या निरोगी पिल्लाचं नाकही कोरडं असतं. आणि मांडीवर घेतल्यावर घुरघुरतंय म्हणजे खुशीत आहे, हेही खरं नाही. मांजर दुखत असताना, अगदी शेवटच्या अवस्थेतही घुरघुरतं.

शंका आली की एक साधी परीक्षा घ्या. उकडलेल्या चिकनचा किंवा माशाचा बारीक तुकडा कोमट करून नाकाशी धरा. कोमट केल्याने वास सुटतो. झोपाळलेलं पण धडधाकट पिल्लू त्या वासाने उठतंच. वास घेऊन तोंड फिरवलं किंवा वासच घेतला नाही, तर झोपेचा विचार सोडा आणि पुढची तपासणी करा.

दिवस नाही, तास मोजायचे

मोठ्या मांजराच्या बाबतीत आपण "उद्यापर्यंत बघू" म्हणतो, आणि ते पुष्कळदा खपून जातं. पिल्लाच्या बाबतीत ते चालत नाही. जन्माच्या वेळी पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं, महिन्याचं झालं की 400 ते 500 ग्रॅम, दोन महिन्यांचं झालं की पाऊण किलो ते एक किलो. एवढ्या लहान देहात साठा असा नसतोच. यकृतात साठवलेली साखर काही तासांत संपते, चरबी नगण्य असते, आणि दोन-चार उलट्या-जुलाबांत अंगातलं पाणी धोक्याच्या पातळीखाली जातं. साखर उतरली की अंग गार पडतं, अंग गार पडलं की आतडी थंडावतात, आणि आतडी थंडावली की पोटात गेलेलं पचत नाही. मग पिल्लू आणखी मलूल होतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

म्हणून मी हिशेब असा ठेवते. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाने लागोपाठ दोन वेळा दूध घेतलं नाही तर ताबडतोब डॉक्टर. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाने आठ-दहा तास काहीच खाल्लं नाही आणि ते मरगळलेलंही आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. चार-सहा महिन्यांचं असेल आणि उलटी, जुलाब, ताप काही नसेल, तर काही तास लक्ष ठेवायला हरकत नाही, पण चोवीस तास उलटू देऊ नयेत. अगदी लहान पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: सतत रडणारं पिल्लू एकदम गप्प झालं तर ते शांत झालं असं समजू नका. रडायलाही ताकद लागते.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हे पिल्लू पाळणाऱ्याचं सगळ्यात उपयोगी साधन आहे. काट्यावर एक डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, पिल्लू डब्यात बसवायचं. रोज एकाच वेळी, खाण्याआधी वजन करून वहीत मांडायचं. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाचं वजन रोज साधारण 10 ते 15 ग्रॅमने वाढतं. एक दिवस वाढलं नाही तर सावध व्हा. घटलं तर ते वरून कितीही खेळकर दिसो, डॉक्टरांना फोन करा. पिल्लू मलूल दिसायच्या आधी वजन थबकतं, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

घरच्या घरी काय बघायचं

सगळ्यात आधी हिरड्या. ओठ अलगद वर उचला. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. ती कागदासारखी पांढरी असेल तर अंगात रक्त कमी आहे किंवा रक्ताभिसरण मंदावलं आहे. पिवळी असेल तर काविळीचा संशय. निळसर किंवा मातकट तपकिरी असेल तर रक्तात प्राणवायू पोचत नाही. यातलं काहीही दिसलं तर बाकी तपासणी बाजूला ठेवा आणि निघा. हिरडीला बोट चिकटत असेल तर पाणी कमी झालं आहे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश खाली बसली, तरी तोच अर्थ. फक्त फार लहान पिल्लांत कातडीची खूण फसवी असते, तिथे हिरडीवर आणि लघवीच्या रंगावर भरवसा ठेवा. लघवी गर्द पिवळी होणं हे पाणी कमी पडल्याचं लक्षण.

नंतर ताप. कानाला हात लावून ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलिन लावा, आणि शेपटी उचलून गुदद्वारात जेमतेम सेंटीमीटरभर सरकवा. एकाने पिल्लू टॉवेलात धरावं, दुसऱ्याने मोजावं. महिन्यावरच्या पिल्लाचं तापमान 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाला जो ताप वाटेल ते त्याचं नेहमीचं. 104 च्या वर गेलं तर ताप गंभीर. पण मला तापमान वाढण्यापेक्षा उतरण्याची धास्ती जास्त वाटते. 99 च्या खाली गेलेलं मोठं पिल्लू संकटात असतं. नवजात पिल्लांचं तापमान मुळातच कमी, पहिल्या आठवड्यात 95 ते 98 च्या आसपास असतं, आणि ती स्वतःला ऊब देऊ शकत नाहीत. त्यांच्या बाबतीत तळवे आणि तोंडाचा आतला भाग गार लागतो का ते बघा.

श्वास झोपेत मोजा. छाती वर-खाली झाली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. शांत झोपेत तो आकडा तिशीच्या आसपास असतो. झोपेतही सतत चाळिशीच्या वर राहत असेल तर डॉक्टरांना सांगा. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं, पोट आत-बाहेर ओढत श्वास घेणारं पिल्लू मात्र मोजत बसण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. त्याला कमीत कमी हाताळा आणि लगेच न्या.

मग पोट आणि शेपटीखालची जागा. बारीक अंग आणि नगाऱ्यासारखं पोट बहुधा जंतांचं. शेपटीखाली घाण चिकटलेली असेल तर जुलाब चालू आहेत. केस उलटे फिरवून कातडीवर काळे कण दिसतात का बघा. दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर घ्या. कापसावर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त.

नेहमीची कारणं

पिसवांना आपण खाज आणणारी किरकोळ कटकट समजतो. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगावर भरपूर पिसवा असतील तर त्या अक्षरशः रक्त शोषून त्याचा जीव घेऊ शकतात. रस्त्यावरून, गाडीखालून, इमारतीच्या मीटरच्या खोलीतून उचलून आणलेल्या पिल्लांत हे फार आढळतं. त्यातच आईच्या दुधातून आलेले गोल जंत आणि रक्त पिणारे अंकुशकृमी यांची भर पडते. अशी पिल्लं पांढऱ्या हिरड्यांची, सदा झोपलेली आणि खाऊनही वाढत नसलेली असतात. यावर उपचार आहे आणि तो महागडाही नाही. दाट दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, अंथरूण गरम पाण्यात धुवायचं आणि औषध डॉक्टरांकडून वजनानुसार घ्यायचं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून सुरू करता येतं आणि पहिले दोन महिने दर पंधरवड्याने द्यावं लागतं. एकदा दिलं आणि झालं, असं त्याचं नसतं.

इथे एक इशारा. कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं किंवा गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यांतल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. थरथर, झटके आणि मृत्यू, इथपर्यंत ते जातं. रॉकेल, कापराचं तेल, फिनेलचं पाणी असले उपाय अजूनही सुचवले जातात. त्यांतला एकही करू नका.

दुसरं कारण दुधाचं. पिल्लू आणलं की बशीत गाईचं किंवा म्हशीचं दूध ठेवायचं, ही आपल्याकडची प्रेमाची रीत. पण त्यातली दुग्धशर्करा बहुतेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब सुरू होतात. एक दिवस पातळ शी, दुसऱ्या दिवशी आणखी पातळ, तिसऱ्या दिवशी पिल्लू निपचित. महिन्याच्या आतल्या पिल्लाला मांजरांसाठीची तयार दूधपावडर मिळते, ती द्यावी. त्यापुढे हळूहळू पिल्लांचं ओलं अन्न आणि स्वच्छ पाणी. दूध थांबवल्यावर दिवसभरात जुलाब आटोक्यात येत नसतील, शीला रक्त असेल किंवा सोबत उलटी असेल, तर मात्र दुधावर दोष टाकून थांबू नका.

कारण मग संशय पॅनल्युकोपेनियाचा घ्यायला हवा. मांजरांचा हा पार्व्हो. लस न झालेल्या पिल्लांसाठी इतका जीवघेणा दुसरा संसर्ग क्वचितच असेल. विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर एकाच वेळी हल्ला करतो, त्यामुळे जुलाब-उलट्याही होतात आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही संपतात. सुरुवात बहुतेक वेळा नुसत्या मरगळीने होते. सकाळी खेळणारं पिल्लू दुपारी कोपरा धरतं, खाणं सोडतं, पिवळसर फेसाळ उलटी करतं. एक खूण अनेक अनुभवी माणसं सांगतात: पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पण पीत नाही. जुलाब नंतर सुरू होतात, कधीकधी होतही नाहीत, म्हणून जुलाबांची वाट बघणं घातक. कुत्र्यांच्या पार्व्होसाठी जे झटपट तपासणीचं किट दवाखान्यात असतं, त्यावर मांजराचा हा विषाणूही पुष्कळदा सापडतो; डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. किटचा निकाल नकारार्थी आला तरी रोग नाहीच असं ठरत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही बघावा लागतो. विषाणूला मारणारं औषध दवाखान्यात सहसा नसतं. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणारं औषध, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि ऊब. उपचार करूनही बरीच पिल्लं जातात, हे आधीच मनाशी धरून ठेवा. पण पहिले पाच दिवस काढलेली पिल्लं बहुतेक वाचतात, आणि लवकर सलाईन लागलेल्यांना हे पाच दिवस गाठण्याची संधी जास्त असते.

सर्दी वरवर साधी वाटते. हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंमुळे पिल्लाचं नाक चोंदतं, डोळे चिकटतात, जिभेवर फोड येतात. मांजर वासावर जेवतं. वास येईना झाला की समोरचं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. अशा वेळी कोमट मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसायचे, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून दहा मिनिटं पिल्लाला घेऊन बसायचं, आणि उग्र वासाचं ओलं खाणं कोमट करून द्यायचं. नाकात व्हिक्स किंवा निलगिरी घालायची नाही. खाणं थांबलं की घरचे उपायही थांबवून दवाखाना गाठायचा.

विषबाधेचा विचार आपल्याकडे फार उशिरा मनात येतो. ताप आलाय म्हणून पिल्लाला क्रोसिनचा चतकोर तुकडा देणारी माणसं वाईट नसतात; ती लहान मुलाला देतात तसंच देतात. पण पॅरासिटामॉल पचवण्यासाठी यकृतात जे विकर लागतं, ते मांजरात जवळपास नसतं. एवढ्याशा तुकड्यानेही रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल, सगळ्यांत पॅरासिटामॉलच आहे. फिनेलचंही तसंच आहे: फिनॉल याच कारणाने मांजराला पचत नाही. ओल्या फरशीवरून चालून आलेलं पिल्लू पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, आणि पुष्पगुच्छातली लिलीची फुलं, ज्यांचे परागही मांजराचं मूत्रपिंड निकामी करतात, ही सगळी घरातली विषं आहेत. यांपैकी कशाचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न बघता त्या वस्तूच्या वेष्टनासह दवाखान्यात जा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका.

दोऱ्याचंही लक्षात असू द्या. शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, राखीचा गोंडा, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा, केसांचं रबर, हे सगळं पिल्लू खेळता खेळता गिळतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात जातं. आतडी त्यावर चुण्या पडल्यासारखी गोळा होतात. उलट्या, उपास आणि मरगळ असं दिसलं की तोंड उघडून जिभेखाली बघा. दोरा दिसला, किंवा गुदद्वारातून बाहेर लोंबताना दिसला, तर ओढू नका. ओढल्याने आतडं चिरतं. तसंच डॉक्टरांकडे न्या.

बाकी कारणं थोडक्यात सांगते. खिडकीतून किंवा गॅलरीतून पडलेलं पिल्लू वरून ठीक दिसलं तरी आत रक्तस्राव असू शकतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कोंडलेलं पिल्लू उष्माघाताने पडतं. त्याला साध्या पाण्याने ओलं करून पंख्याखाली धरा, बर्फ लावू नका, आणि दवाखान्यात न्या. काही महिन्यांच्या पिल्लाचा ताप अँटिबायोटिकनेही हटत नसेल, वजन आठवड्यागणिक उतरत असेल, पोटात पाणी झाल्यासारखं वाटत असेल, तर एफआयपी या आजाराची शंका असते. तो काही वर्षांपूर्वीपर्यंत निश्चित मरणाचा होता. आता जीएस-441524 या विषाणूविरोधी औषधाने त्यातली बहुतेक मांजरं बरी होतात, म्हणून ते निदान ऐकून हात टेकू नका.

काळजी न करण्याजोगी मरगळही असते. नव्या घरात आलेलं पिल्लू एक-दोन दिवस लपून बसतं. पण रात्री सगळे झोपल्यावर वाटी रिकामी होते आणि लिटर वापरलेलं दिसतं. लशीनंतर एखादा दिवस ते सुस्त राहतं. दोन दिवस उलटून गेले, किंवा लस घेतल्यावर काही तासांत तोंड सुजलं, उलट्या झाल्या, श्वास लागला, तर तो प्रकार वेगळा आणि तातडीचा.

निघण्याआधीची दहा मिनिटं

पिल्लू गार आणि अर्धवट शुद्धीत असेल तर आधी ऊब, मग साखर, आणि अन्न सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटवू नका. पाण्याची बाटली गरम पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळा आणि पिल्लाच्या अंगालगत ठेवा, मात्र त्याला दूर सरकायला जागा असू द्या. किंवा स्वतःच्या कपड्यांच्या आत छातीशी धरा. शेगडीजवळ नेणं, हेअर ड्रायर लावणं टाळा; गार पिल्लू भाजलं तरी हलत नाही. मग चिमूटभर साखर किंवा ग्लुकोजची पावडर थेंबभर कोमट पाण्यात कालवून बोटाने हिरडीला चोळा. गिळता येत नसलं तरी थोडी साखर तिथून मिळते. गार पिल्लाच्या तोंडात दूध ओतू नका. ते पचत नाही, आणि घशातून फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. पुढे कधीही पाजताना पिल्लू पालथं, मान सरळ, आईला पितं त्याच ढंगात हवं. बाळासारखं उताणं धरून पाजणं धोक्याचं.

दवाखान्यात नेताना झाकणाची टोपली किंवा भोकं पाडलेलं खोकं चालतं, आत टॉवेल आणि उबदार बाटली. वजनाची वही, लशीचं कार्ड, आधी दिलेल्या औषधांची नावं घ्या. उलटी-जुलाबाचा फोटो आणि पिल्लू कसं चालतं, कसं श्वास घेतं याचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. तपासणीच्या टेबलावर घाबरलेलं पिल्लू घरच्यासारखं वागत नाही. शेवटचं केव्हा खाल्लं, केव्हा लघवी केली, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. पैशांची अडचण असेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे ती आहेत. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि तिथे मांजरं बघतात का, हे पिल्लू घरी आणल्याच्या दिवशीच शोधून फोनमध्ये नोंदवून ठेवा. रात्री दोन वाजता ते शोधायला लागू नये.

रस्त्यावरचं अनोळखी पिल्लू हाताळताना चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. पिल्लू लहान आहे म्हणून हे टाळू नये.

मांजरांची तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. पहिल्या डोसावर थांबलेली पिल्लं सुरक्षित नसतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या डोसाचा परिणाम पुसून टाकू शकते.

आणि घरात पॅनल्युकोपेनिया होऊन गेला असेल, पिल्लू वाचलं असो वा गेलं असो, तर घराकडे लक्ष द्या. हा विषाणू फरशीवर, टोपलीत, गोधडीत वर्षभर टिकतो आणि फिनेलने मरत नाही. लिटरचा ट्रे, कापडी खेळणी, जुनी अंथरुणं टाकून द्या. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात साधारण 30 मिलिलिटर साधं ब्लीच घालून ते फरशीवर पसरा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, आणि नंतर पुसून वाळवा. तेवढा वेळ मांजरं त्या खोलीत नकोत. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. या घरात नवं पिल्लू आणायचं असेल, तर त्याचे सगळे डोस दुसऱ्या घरी पूर्ण होऊ द्या, आणि शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे गेल्यावरच त्याला घेऊन या.